ता. म्हणजे तालुका

शहापूरच्या माणसाला मुरबाडच्या माणसासमोर उगीचच ताठ चालायची सवय असते. कारण काय, तर आमच्याकडे रेल्वे आहे. तशी ती गावात नाही, आसनगावला आहे, रिक्षा करून जावं लागतं, पण आहे. मुरबाडला नाही. तिथे एसटी आणि माणसं कोंबलेल्या जीपा. हा ताठा माझ्यातही पुरेपूर होता, आणि पुढे जे झालं त्यात त्याचा हात आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

दोन हजार साल उलटून पाचसहा वर्षं झाली होती. कल्याणला जाऊन मी प्रोग्रामिंगचा कोर्स केला होता आणि नोकरी कुठे लागावी? मुरबाडला! शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत रोज एसटीने जायचं, स्टँडसमोरच्या जिन्याने वर चढायचं आणि चपला बाहेर काढून कॉम्प्युटर क्लासात शिरायचं. क्लासच्या मालकांना सगळे सर म्हणत. आधी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. ती जुनी मशिनं मागच्या खोलीत कापडं पांघरून अजून बसलेली होती. सरांना कॉम्प्युटर वापरता फारसा येत नव्हता, पण त्याच्यावर त्यांची भक्ती दांडगी. कोणी काही विचारलं की म्हणायचे, "माणूस चुकंल, मशीन नाय चुकायची." मला हे वाक्य फार आवडायचं, कारण मशिनीच्या बाजूने बसणारी मी होते.

आता माझ्या ताईबद्दल सांगते. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला शाळेत घालायला आई घेऊन गेली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. मास्तरांनी विचारलं, "हिचं नाव काय?" आई तोंड उघडते तोवर मी जोरात ओरडले, "ताई!" मास्तर हसले. आईने खरं नाव सांगितलं, ते त्यांनी लिहिलं आणि माझा मान राखायचा म्हणून की काय, त्यालाच जोडून पुढे ताई लिहून टाकलं. झालं. तेव्हापासून शाळेच्या दाखल्यावर, दहावीच्या मार्कशीटवर, सगळीकडे तिच्या नावाला ताई चिकटलेलं. आमच्याकडे कितीजणांची नावं अशीच मास्तरांच्या मूडवर ठरलीत. घरी आम्हाला त्याचं कौतुकच होतं. माझ्यामुळे ती कागदोपत्री अख्ख्या जगाची ताई झाली, असं मी मिरवायचे.

दहावीनंतर आईची कंबर धरली आणि ताई घरी राहिली. कोणी तिला तसं सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही. भात लावायला, गुरं बघायला, आईला उठवून बसवायला ती आणि कल्याणला कोर्सला मी. "तू शीक गो, मी हाय हितं," एवढंच बोलली होती. मग लग्न होऊन ती मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी एका वाडीत गेली. वाडीतली पोरं दुपारभर हिच्या ओट्यावर. त्यांना ही गाणी म्हणून दाखवायची, खडूने ओट्यावर अक्षरं काढून द्यायची. सासूला वाटायचं सुनेला कामं नकोत. ताई कामंही करायची आणि अक्षरंही काढायची.

त्या वर्षी तालुक्यात बालवाड्या चालवणाऱ्या एका संस्थेने जाहिरात काढली. जाहिरातीत ठळक लिहिलेलं, बालवाडीताई पाहिजेत. ताईच्या वाडीचंही नाव यादीत होतं. मीच फॉर्म आणला, मीच भरला, तिने सही केली. म्हणाली, "हे झालं ना, तर मी दुसरं काय मागणार नाय." ताईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलेलं मी तेव्हा ऐकलं.

आणि योगायोग बघा. त्याच संस्थेने मुलाखतीच्या पत्रांचं काम आमच्या क्लासला दिलं. तीनशेच्या वर अर्ज. प्रत्येकीचं नाव आणि पत्ता टाइप करायचा, पोस्टाप्रमाणे गठ्ठे लावायचे आणि पाकिटांवर चिकटवायला पत्ते छापून द्यायचे. नाव-पत्ता सगळा एका ओळीत होता, आपण लिहितो तसा: आधी नाव, मग मु. अमुक, पो. तमुक, ता. मुरबाड, जि. ठाणे. सर म्हणाले, "आपण बसून हातानं येगळं करू. दोन दिवसांत होईल." मी नाक उडवलं. म्हटलं, "सर, हाताने करायचं तर मला कशाला ठेवलंत? प्रोग्राम लिहिते." प्रोग्राम लिहायला मला चार दिवस लागले.

त्यात होतं काय, तर एक ओळ घ्यायची आणि जिथे जिथे मु., पो., ता., जि. सापडेल तिथे तिथे तिचा तुकडा पाडायचा. पहिला तुकडा नाव, दुसरा गाव, तिसरा पोस्ट, चौथा तालुका, पाचवा जिल्हा. कोथिंबिरीची जुडी मोडण्याइतकं सोपं. प्रोग्राम तपासायला मी पाच पत्ते घातले. कोणाचे? माझा, बाबांचा, शेजारच्या काकांचा, सगळे शहापूरचे! माझ्या हाताला दुसरा तालुका येईच ना. पाचही ओळींचे मोजून पाच पाच तुकडे पडले. मी सरांना बोलावून दाखवलं. सरांनी स्क्रीनसमोर जवळजवळ हात जोडले.

मग मुरबाडची खरी यादी घातली, आणि सगळा खेळखंडोबा. तालुक्याच्या रकान्यात रिकामं. जिल्ह्याच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत, एकच शब्द: बाड. आणि ठाणे बिचारं सहाव्या रकान्यात, जो मी केलेलाच नव्हता. सर वाकून वाचायला लागले.

"बाड," ते म्हणाले. "हा जिल्हा कदी झाला?"

"सर, मुरबाडच्या लोकांनी टाइप करताना काहीतरी घोळ घातलाय."

"टाइप मीच केलाय."

पण हार मानेन तर ती मी कसली! शहापूरची ओळ नीट चालते, मुरबाडची चालत नाही, म्हणजे दोष मुरबाडचा, इतकं साधं गणित मी मांडलं. का होतंय ते शोधायचं सोडून मी ठिगळ लावलं. म्हटलं, सगळ्याजणी एकाच तालुक्यातल्या, तर तालुका मुरबाड आणि जिल्हा ठाणे असं आपणच छापून टाकू. मुरबाडच्या ओळीचे पाचाऐवजी सहा तुकडे पडतात ना? पडू देत. सहा तुकडे म्हणजे ओळ बरोबर. सहापेक्षा वेगळे पडले तर अर्ज चुकीचा भरलाय, तो वेगळ्या फाइलीत टाकायचा. त्या फाइलीला मी मोठ्या ऐटीत नाव दिलं, सदोष अर्ज.

सदोष निघाले साठ-पासष्ट. इतके? असं क्षणभर वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पण सर म्हणाले, "खेड्यातल्या बाया. फॉर्म भरायची सवय कुटं हाय त्यांना." मला ते पटलं. माझी आई, माझी ताई, मी स्वतः, सगळ्या खेड्यातल्याच, तरी पटलं. ती यादी उघडून वाचायचीही मी तसदी घेतली नाही. साफ पत्ते छापले, सदोष यादी सोबत जोडली, संस्थेचा माणूस येऊन घेऊन गेला. जाताना म्हणाला, "वा, काय सुबक छापलंय हो." मी दोन दिवस हवेत.

आठवड्याने ताईचा फोन. वाडीतून चालत दुकानापर्यंत यायचं आणि तिथून फोन लावायचा, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं.

"खालच्या आळीतल्या बाईला पत्र आलं. माझं नाय आलं गो."

"येईल. पोस्टात अडकलं असेल."

"सोमवारी हाय ना मुलाखत?"

"ताई, पत्ते मी स्वतः छापलेत. कॉम्प्युटरने. चुकणार नाही. तुमच्या पोस्टमनला धर."

आणि तिच्यावर न सोडता मीच त्याला धरायला गेले! शुक्रवारी रजा टाकली, जीपमध्ये मागे लोंबकळत वाडीच्या फाट्यापर्यंत गेले. पोस्टमन सायकल हातात धरून चढ चढत होता. पंचावन्नच्या पुढचा असेल. भर रस्त्यात मी त्याला झाडलं. सरकारी नोकरी म्हणून तुम्हाला कसली फिकीर, बाईच्या जन्माचा प्रश्न आहे, पत्र कुठे पाडलंत बोला. त्याने सगळं ऐकून घेतलं. घाम पुसला.

"नुसतं नवऱ्याचं नाव टाकलेला कागद बी मी घरात नेऊन देतो," तो म्हणाला. "आलेलं मी ठेवत नाय गो बाय. पन आलंच नाय, तर देऊ कुटून?"

ताई खळ्यावर झोडणी करत होती. केसांत पेंढ्याची कुसं. मला बघून धावत आली आणि हातात पत्र नाही हे बघून हळू झाली. चहा ठेवला. मी पोस्टाला शिव्या देत होते, ती चुलीत फुंकर घालत होती. मग म्हणाली, "पोस्टमनला नको बोलूस. माझ्याच फॉर्मात खोट असंल. मला कुटं धड सही येते."

फॉर्म मी भरला होता. त्यात खोट कशी असेल? असली तर ती माझी. आणि मग मला आठवली ती फाइल. सदोष अर्ज. चहा अर्धाच ठेवून मी उठले.

शनिवारी सकाळी क्लास उघडायच्या आधी मी जिन्यात उभी. सरांनी कुलूप काढलं, मी ती यादी कागदावर छापली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले. अर्ज सगळे व्यवस्थित होते. बाराव्या ओळीवर माझी ताई होती. अक्षर न् अक्षर बरोबर. मग ही इथे का? हिच्या वरची का? खालची का? दोनदा वाचल्यावर दिसलं. प्रत्येक ओळीत तालुक्याआधीच कुठेतरी ता होतं. बहुतेकींच्या तर नावातच. आपल्याकडे बायकांची नावं ता वर संपवायची काय हौस आहे, ते मला त्या दिवशी कळलं. आणि ज्यांचं ता वर संपत नव्हतं, त्यातल्या बऱ्याचजणींच्या नावाला ताई जोडलेलं होतं.

कोर्सची वही पिशवीतच असायची. काढली. शोधायच्या खुणांचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात, लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेलं: डॉट म्हणजे कोणतंही एक अक्षर. शेजारी महत्त्वाचं म्हणून चांदणी. परीक्षेत यावर पाच मार्कांचा प्रश्न आला होता आणि मला पाचपैकी पाच होते.

कपाळावर हात मारून घेतला. आपण माणसं ता. लिहितो तेव्हा टिंब म्हणजे टिंब, शब्द आखडला एवढंच. शोधायच्या त्या भाषेत टिंब म्हणजे काहीही चालेल. मी प्रोग्रामला सांगितलं होतं, ता आणि त्याच्यापुढे काहीही दिसलं की काप. त्याने इमानेइतबारे कापलं. मु आणि पुढे काहीही, म्हणून मुरबाडातला मुर गेला आणि बाड उरलं. शहापूर या शब्दात कापण्यासारखं काही नव्हतं, म्हणून माझे पाचही पत्ते पास. आणि ताई? ता आणि पुढे काहीही. ई. माझ्या बहिणीला माझ्या प्रोग्रामने तालुका समजून मधोमध कापलं होतं आणि तुकडे जास्त झाले म्हणून सदोष ठरवून बाजूला फेकलं होतं. बालवाडीताई पाहिजेत अशी जाहिरात, आणि ताई तेवढ्या वगळल्या!

टिंबाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची, की टिंब पुन्हा टिंब होतं. चार ठिकाणी चार रेघा दिल्या. मुरबाड जोडून आलं, ठाणे जागेवर गेलं, ताई अखंड. पाच मिनिटं लागली नाहीत. मला इतकी लाज वाटली की सरांकडे बघवेना.

"एवढ्या रेघेसाठी?" सर म्हणाले. मग चपला घातल्या आणि स्वतः संस्थेत गेले. "मशिनीत बिघाड झाला," असं त्यांनी तिथे सांगितलं. ज्यांच्या लेखी मशीन कधी चुकत नव्हती, त्यांनी माझ्यासाठी हे सांगितलं. संस्थेची माणसं भली होती. दुपारपर्यंत पत्रं तयार करून दिली. पण सोमवारच्या आत पोस्टाने ती पोचणार कशी? सरांनी स्टँडवरच्या जीपवाल्यांना गाठलं, ज्याचा जो रस्ता त्याला ती पाकिटं. सिद्धगडाकडची मी घेतली. फाट्यावर पोस्टमनचं घर होतं. मान खाली घालून त्याच्यापुढे गठ्ठा धरला. त्याने पाकिटं उलटीपालटी करून बघितली, वाड्यांप्रमाणे लावली, त्याला कसलाही प्रोग्राम लागला नाही.

"आता आलं," म्हणाला, "आता देतो." सायकल काढली.

ताईचं पत्र मी माझ्या हाताने दिलं. ती ते कपाळाला लावून आत देवापुढे ठेवून आली. मग विचारलं, "पन झालेलं काय गो?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. टिंब माझं चुकलं, एवढेच शब्द होते. पण जीप हॉर्न देत होती, समजावून सांगायचा कंटाळा आला आणि खरं म्हणजे तिच्यासमोर माझी हुशारी उणी करायची नव्हती. मी हसत म्हटलं, "अगं, तुझ्या नावातल्या ताईने घोटाळा केला. कॉम्प्युटरला ते चाललं नाही."

"ताईनं?"

"हो ना," म्हटलं आणि जीपमध्ये चढले.

सोमवारी माझी बॅच होती, मी तिच्यासोबत गेले नाही. तीनच्या सुमाराला ती जिना चढून आली. नवी साडी, हातात कागदांची पिशवी. चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभी राहून म्हणाली, "गाणं म्हनायला लावलं. म्हटलं मी. पोरं कशी बसवाल विचारलं, सांगितलं. मुलाखतीच्या बाई खूश झाल्या." तिचा चेहरा इतका फुललेला मी लग्नातही बघितला नव्हता.

"आनि मी ते बरोबर केलं हां," ती म्हणाली. "नाव लिवायला सांगितलं तवा ताई काढून टाकलं. निस्तं नाव लिवलं. सही पन तशीच."

मी विचारलं, "आणि दाखला?"

"दाखल्यावर हाय ना ताई. कागद बघनाऱ्या सायबांनी इचारलं, नाव दोन कशी? मी बोलले, ताई चालत नाय कॉम्प्युटरला. हसले ते. मंग कागदावर कायतरी लिवून घेतलं."

काय लिहून घेतलं ते मला दुसऱ्या दिवशी संस्थेत कळलं. नाव दाखल्याशी जुळत नाही. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणून द्या. मी धावाधाव केली. वकील, स्टॅम्प, सही, सगळं होऊन कागद घेऊन गेले तेव्हा यादी लागलेली होती. फळ्यावर टाचलेली, माझ्या प्रोग्रामने छापलेली नव्हे, कोणीतरी हाताने सुंदर अक्षरात लिहिलेली. मी बोट ठेवून वाचली. वाडीच्या पुढे खालच्या आळीतल्या बाईचं नाव होतं. ती वाईट नव्हती, तिनेही मन लावून काम केलं, हे मला पुढे दिसलंच.

ताई माझ्यासोबत आली होती. तिने माझं बोट बघितलं, कुठे थांबलं ते बघितलं. आम्ही स्टँडवर येऊन बसलो. मी सांगायला तोंड उघडलं, की ताई, नाव तुझं बरोबर होतं, चूक माझी होती, आणि ते नाव तरी तुला मीच दिलंय. पण सांगण्याआधी रडायलाच आलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जोरात.

"तुज्या सरांनी तुला ठेवलंय ना कामावर?" तिने विचारलं.

"ठेवलंय."

"आनि तुझा तो कॉम्प्युटर? आता चालतो ना बरोबर?"

"चालतो."

"मंग झालं," ताई म्हणाली. तिची गाडी लागली होती. पिशवी उचलून ती चढली, खिडकीशी जागा मिळाली, तिथून मला हाताने जा जा करत राहिली. तिला वाटत होतं माझी शहापूरची एसटी चुकेल.